सहाबारीचं रिकामं घर

यादोराव मालगुजारांच्या घरात दोन वस्तूंना कुणी हात लावत नसे. एक त्यांचा पानाचा डबा आणि दुसरी त्यांची सहाबारी, म्हणजे सहा बारांचं पिस्तूल. पानाच्या डब्याला हात लावणारा निदान शिव्या खाऊन सुटे. सहाबारीला हात लावला तर काय होईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेवढी छाती आजवर कुणाला झालेली नव्हती.

कोसमटोला हे त्यांच्या मालगुजारीचं, सालेकशाच्या अलीकडचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला मोहाचं रान. रेल्वे येऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली असतील. लाकडाच्या ठेक्यावर आलेला एक लंगडा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ही सहाबारी यादोरावांना देऊन गेला. लायसनसाठी यादोरावांनी भंडाऱ्याच्या कचेरीचे इतके खेटे घातले की शेवटी बैलच गाडीवानाला रस्ता दाखवू लागले, असं गावात म्हणत.

रुख्मा या घरात सून होऊन आली ती चिचगडकडून. तिच्या माहेरी हत्यार म्हणजे विळा, कुऱ्हाड आणि फार तर रानडुकरासाठी भाला. त्यामुळे सासरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं मधल्या दाराच्या फटीतून जे पाहिलं, त्यानं ती जागच्या जागी थिजली. हातातलं पीठ हातातच राहिलं.

सासरे पडवीत मांडी घालून बसले होते. पुढ्यात पांढरं फडकं अंथरलेलं. फडक्यावर ती काळीनिळी, लांब नळीची वस्तू. एरवी या माणसाचा आवाज तीन बांध्यांपलीकडे ऐकू जाई; मळणीच्या वेळी तर बैलसुद्धा त्यांच्या आवाजानं कान पाडत. पण आता ते गप्प होते, आणि त्यांची ती जाडजूड बोटं बाळंतिणीच्या खोलीतल्या सुइणीसारखी हळुवार चालली होती. आधी त्यांनी घोडा अर्धा मागे ओढला. चाप नव्हे, चापाला बोट लागलंच नाही. नळीच्या मागे जो ठोकणारा दांडा उभा असतो, तो घोडा. मग बाजूची झडप उघडली. मग चकरी बोटानं फिरवली, आणि ती कुट्‌कुट् करत फिरली तशी तिच्यातली सहा घरं एकामागून एक झडपेशी येऊन गेली. प्रत्येक घर त्यांनी उजेडात धरून पाहिलं. घर म्हणजे काडतूस ठेवायची जागा, हे रुख्माला तिथंच कळलं, कारण सासरे पुटपुटत होते, "हे घर साफ. हेबी घर साफ."

मग भरणं. एका घरात काडतूस, पुढचं घर सोडून दिलं, मग ओळीनं चार. झडप बंद. घोडा पूर्ण मागे, कट् कट् करत. आणि मग जी गोष्ट झाली ती पाहून रुख्माचा श्वास अडकला. सासऱ्यांनी अंगठ्यानं घोडा घट्ट धरला, चाप दाबला आणि तेवढा ताणलेला घोडा तसूतसूनं खाली आणून ठेवला. निजलेल्या पोराचं डोकं उशीवर ठेवावं तसा. एवढ्यात अंगणातून एक कोंबडी डुलत डुलत नळीच्या समोर आली. यादोरावांनी नळी जमिनीकडे वळवली आणि कोंबडी जाईपर्यंत ते थांबून राहिले. कोंबडीसाठी थांबणारा मालगुजार तिनं जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून रविवार सकाळ म्हणजे रुख्मासाठी देवदर्शनच झालं. तवा चुलीवर राही आणि ती फटीशी. चार वर्षांत तिला ते सगळं इतकं पाठ झालं की नुसत्या आवाजावरून ती सांगू शकली असती, मामाजी आता काय करत आहेत. एकच कोडं होतं. नाव सहाबारी, घरं सहा, मग काडतुसं पाचच काऊन? विचारायची सोय नव्हती. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही घराची रीत. काही सांगायचंच असलं तर ते लेकराच्या तोंडून. "मंदे, आजोबाले सांग, जेवन वाढलं," असं म्हणायचं आणि मंदीचे आजोबा हात धुऊन आत यायचे. मंदी पाळण्यात होती तेव्हाही रुख्मा पाळण्यालाच सांगे, आणि यादोराव पाळण्याकडे बघूनच मान हलवत. आता मंदी अडीच वर्षांची झाली होती आणि निरोप पोचवण्याऐवजी स्वतःचंच काहीतरी सांगून येत होती, ही गोष्ट निराळी.

तेव्हा कोडं रुख्मानं आपल्यापुरतं सोडवून टाकलं. मामाजी काटकसरी. अंगरख्याची गुंडी तुटली तर दोन वर्षं तसेच वापरणारे. एक काडतूस वाचवत असतील.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाई, म्हणजे अनुसयाबाई, पाटावर हत्यारं मांडून ओवाळणीच्या तयारीला लागल्या. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, आणि मधोमध सहाबारी. यादोरावांनी ती पहाटेच पुसून, भरून, नळी भिंतीकडे करून ठेवली होती आणि ते बोडीवर, गावतळ्यावर, आंघोळीला गेले होते. पूजेनंतर सहाबारी कंबरेला बांधून ते गावाच्या शिवेवर जात, बोडीच्या मातीच्या पाळीत एक बार टाकत, आणि मग सोनं लुटायला सुरुवात होई. बार झाल्याशिवाय कोसमटोल्यात कुणी आपट्याचं पान तोडत नसे.

"हळदकुंकू लाव, फूल वाहा," एवढं सांगून अनुसयाबाई स्वैपाकघरात गेल्या.

रुख्मा पाटासमोर एकटीच बसली. इतक्या जवळून ती वस्तू तिनं कधी पाहिली नव्हती. लाकडी मुठीवर साहेबाच्या हातानं पडलेली झिलई होती. तिला हात जोडावेसे वाटले आणि तिनं जोडलेही. मग तिचं लक्ष पूजेच्या मांडणीकडे गेलं. माहेरी दसऱ्याच्या पाटावर काही रिकामं ठेवत नसत. उखळ असो, सूप असो, पायली असो, त्यात मूठभर धान घालायचंच. वर्षाच्या सणाला देवापुढं रिकामं भांडं म्हणजे वर्षभर रिकामं घर. इथं पाटावर सगळं भरलेलं होतं. एका सहाबारीतलंच एक घर रिकामं होतं. घरच म्हणायचं ना त्याला? मग सणाच्या दिवशी घर रिकामं कसं ठेवायचं?

काडतुसांची पेटी शेजारीच होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. आत कुठंतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगायचं! घोडा अर्धा मागे, झडप उघडी, चकरी फिरवली. रिकामं घर समोर आलं. तिनं काडतुसाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि ते आत सरकवलं. झडप बंद. घोडा पूर्ण मागे, कट् कट्. अंगठ्यानं धरून, चाप दाबून, तसूतसूनं खाली. निजवला. वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि मामाजींच्या वस्तूचं आपण भलं केलं, या समाधानात ती पुरणाचं बघायला गेली.

दुपार कलली. पूजा झाली. अनुसयाबाई बायकांना घेऊन मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्यावर ओवाळायला गेल्या, रुख्माचा नवरा टेकचंद बैल सजवून पुढं शिवेवर गेला. घरात उरले यादोराव, त्यांचे आमगावहून आलेले जुने स्नेही भैयाजी, दाराआड रुख्मा, आणि सगळ्या घरभर मंदी. यादोरावांनी कंबरेला पट्टा बांधला आणि सहाबारी कातडी म्यानात घातली. एरवी त्यांनी आधी झडप उघडून पाहिली असती. पण पुजलेलं हत्यार शिव गाठेपर्यंत उघडायचं नाही, फूलसुद्धा आपणहून पडलं तर पडू द्यायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची चाल. म्यान वरून उघडं होतं. मूठ आणि घोडा बाहेर डोकावत होते.

भैयाजी आपल्या चंचीतलं पान लावत म्हणाले, "यादोराव, एक इचारू का? सहाबारी म्हनता अन् पाचच भरता. सहावी काय दिवाळीले ठेवून राहिले?"

दाराआड रुख्मा गालातल्या गालात हसली. तिचंच कोडं भैयाजींनी विचारलं होतं.

यादोरावही हसले. "त्या साहेबाले पाह्यलं होतं ना तुमी? लंगडत काऊन होता तो?"

"वाघानं धरलं होतं म्हनत."

"वाघ कायचा! ह्याच सहाबारीनं धरलं. सहाही घरं भरून कंबरेले लावली होती. रेल्वेच्या ठेल्यावरून उतरून राहिला होता, घोड्याले जराशी ठोकर लागली, अन् गोळी मांडीतून पार. चापाले कोनी बोट नाही लावलं." यादोरावांनी आवाज खाली आणला. "हा घोडा भरल्या घरावर निजला, का त्याचं नाक काडतुसाच्या टोपीवरच टेकते. मंग एक टिचकी पुरते. म्हनून त्याले रिकाम्या घरावर निजवाचं. साहेबानं मले दुसरं काही शिकवाच्या आंधी हे शिकवलं. याले दुसरं कुलूप नाही. रिकामं घर हेच याचं कुलूप."

रुख्माचं हसू तोंडावरच सुकलं.

तिला आधी सकाळ आठवली. ताणलेला घोडा तिच्या अंगठ्याखाली होता आणि त्याच्यापुढं भरलेलं घर होतं. अंगठा घामानं ओला होता. नळी भिंतीकडे होती, आणि त्या कुडाच्या भिंतीपलीकडे पाठ टेकून सासूबाई पुरण वाटत होत्या. तिनं दाराची चौकट धरली.

तेवढ्यात मंदी धावत आली आणि "आजा, मी! मी!" करत तिनं हात वर केले. यादोरावांनी तिला उचललं आणि नेहमीसारखं उजव्या कंबरेवर बसवलं. पट्टा होता त्याच बाजूला. मंदीच्या पायात चांदीचे वाळे होते. स्वारी खुशीत आली की पाय हलवायची. वाळा म्यानावर आपटला. खण्. पुन्हा आपटला, या वेळी थोडा वर.

रुख्मानं तांब्या फरशीवर आपटला. सासूबाईंना बोलवायची ती खूण होती, पण सासूबाई घरात कुठं होत्या? तिनं बांगड्या वाजवल्या. यादोराव दाराकडे पाठ करून भैयाजींना शिवेवरच्या गर्दीबद्दल सांगत होते. आणि ज्या लेकराच्या तोंडून ती सासऱ्यांशी बोलत असे, ते लेकरूच तिथं, त्या घोड्यालगत पाय हलवत बसलेलं. वाळा आता थेट घोड्याच्या बुंध्याशी लागत होता. खण्. खण्.

रुख्मा दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता की नव्हता, हे तिला पुढं कधीच आठवलं नाही.

"मामाजी! सहावं घर भरलेलं हाय!"

चार वर्षांत त्या घरात कुणी ऐकला नव्हता असा आवाज होता तो. भैयाजींच्या हातातलं पान पडलं. यादोराव वळले नाहीत. दचकलेही नाहीत. ते जिथं होते तिथं, जसे होते तसे, थांबले. आणि त्यांच्या डाव्या हातानं, जणू तो हात वेगळाच कुणाचा तरी होता, मंदीचे दोन्ही पाय अलगद मुठीत धरून वर घेतले.

"भैयाजी," ते म्हणाले, इतक्या हळू की रुख्माला ते रविवार सकाळचे मामाजी वाटले, "पोरीले मागून घ्या. पाय खाली नोको सोडू देऊ."

भैयाजींनी मंदीला उचललं आणि ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. मंदीला हा नवा खेळ वाटला.

मग यादोरावांनी विचारलं, अजूनही न वळता, "घोडा कुठं हाय?"

"भरल्यावरच निजवला, मामाजी."

"कोनं?"

"मीनं." ती म्हणाली, "सनाच्या दिवशी घर रिकामं नोको म्हनून मीनं भरलं."

यादोराव सावकाश अंगणाच्या त्या टोकाला गेले, जिथं पुढं उकिरडा आणि त्याच्यामागे मातीचा बांध होता, आणि कुणी माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. तिथं त्यांनी मूठ धरली, बोट चापापासून लांब, आणि सहाबारी नळी खाली ठेवून वर काढली. झेंडूचं फूल गळून पडलं. अंगठ्यानं घोडा अर्धा मागे. झडप उघडी. नळीखालच्या काडीनं एकेक काडतूस मागे ढकललं, आणि ती एकेक करून त्यांच्या पसरलेल्या उपरण्यात पडली. सहाही घरांत उजेड दिसेस्तोवर कुणी श्वास घेतला नसेल.

हळदकुंकू लावलेलं काडतूस त्यांनी बोटांत धरलं आणि उलटं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते चालत पडवीत आले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे तोंड करून हात पुढं केला.

"पाह्य."

पितळी बुडाच्या मधोमध ती तांबडी टोपी होती, आणि टोपीच्या मध्यावर, मोहरीचा दाणा दाबावा तेवढा, एक खळगा पडला होता. घोड्याचं नाक तिथं टेकलं होतं, आणि वाळ्याच्या प्रत्येक ठोक्यानं ते थोडं थोडं आत शिरत होतं. आणखी किती ठोके? रुख्मा त्या खळग्याकडे बघतच राहिली. जगातलं सगळं, मंदी, मामाजी, हे अंगण, शिवेवर वाजणारे ढोल, त्या मोहरीएवढ्या जागेत मावलं होतं. एवढीशी जागा! तिला रडू आलं, आणि तरी नजर हटेना. भीतीच्या पलीकडचं काहीतरी होतं ते. देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात देव एकदम जवळ असल्याचं कळावं, तसं काहीतरी.

"म्या उघडून पाहाले पाह्यजे होतं," यादोराव म्हणाले. "पूजा झाली म्हनून नाही पाह्यलं. चूक माही हाय." भैयाजींनी चमकून वर पाहिलं. यादोरावांच्या तोंडून हे वाक्य त्यांनीही या जन्मी ऐकलेलं नव्हतं.

"पन तुले भरता कसं आलं?"

"फटीतून पाहत होती, मामाजी. दर रविवारी."

यादोरावांनी पडवीत पांढरं फडकं अंथरलं, त्यावर रिकामी सहाबारी ठेवली, शेजारी पाच काडतुसं ठेवली, आणि खळगा पडलेलं सहावं लांब, एकटं ठेवलं. "बस," ते म्हणाले. "फटीतून अर्धं शिकलीस. अर्धं शिकलेल्याच्या हातात हे सगळ्यात वाईट. आता पुरं शिक."

रुख्मा बसली. एक भरलं, एक सोडलं, चार भरली. घोडा मागे ओढला. अंगठ्यानं धरला. "घाई नोको," सासरे म्हणाले. "तो ओढ घेईल. घेऊ दे. तू सोडू नोको." नळी बांधाकडे होती, तिनं चाप दाबला आणि घोडा उतरू लागला. त्याचं सगळं बळ तिच्या अंगठ्याच्या पेरात येऊन बसलं होतं. केवढं बळ ते, आणि ते आपलं ऐकत होतं! घोडा रिकाम्या घरावर टेकला. काही झालं नाही. काहीच न होणं एवढं मोठं असतं, हे तिला तेव्हा कळलं.

अनुसयाबाई ओवाळणीचं ताट घेऊन फाटकातून आल्या त्या याच वेळी. सून पडवीत, पुरुषांसमोर, हातात सहाबारी. "अवं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि ताट त्यांनी तुळशीच्या ओट्यावर टेकवलं.

"ओरडू नोको," यादोराव म्हणाले. "मी शिकवून राहिलो."

शिवेवरचे ढोल आता अधीर झाले होते. दोनदा माणूस येऊन गेला, मालगुजार कुठं अडकले म्हणून. यादोराव उठले, सहाबारी म्यानात घातली, पट्टा सारखा केला. भैयाजींच्या हातून सुटलेली मंदी धावत आली आणि पुन्हा हात वर करून उभी राहिली. "आजा, मी!" यादोराव सवयीनं तिच्याकडे वाकले.

"दोन्ही नाही, मामाजी," रुख्मा म्हणाली. "एकच घ्या."

अनुसयाबाईंचा हात तोंडावर गेला. भैयाजी दुसरीकडे बघू लागले. एक पाय घसरला, दगड लागला, पोरगी लाथ मारून गेली, तरी आता घर रिकामं होतं. हे रुख्माला ठाऊक होतं, यादोरावांनाही ठाऊक होतं. तरी ती तशीच उभी होती, पदर नीट न करता, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत.

यादोराव ताठ उभे राहिले, त्यांनी पट्ट्याची कडी सोडली, आणि पट्टा सहाबारीसकट सुनेच्या दोन्ही हातांवर ठेवला. तिनं नळी जमिनीकडे वळवली. ते पाहून त्यांनी मान हलवली आणि मंदीला खांद्यावर घेतलं.

"अन् बोडीवर बार?" भैयाजींनी मागून विचारलं. "अख्खं गाव वाट पाहून राहिलं. काय सांगाचं त्याइले?"

यादोराव फाटकापाशी पोचले होते. नेहमीच्या, तीन बांध्यांपलीकडे जाणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "सांगा, सुनेनं नाही म्हटलं."